पाटावरचा पाय

वडखळच्या नाक्यावर ड्रायव्हरनं असा ब्रेक मारला की अख्खी गाडी पुढच्या बाकाला नमस्कार करून जागेवर आली. रस्त्यात एक म्हैस उभी होती आणि ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. त्या धक्क्यात कुठल्याशा बाकाखालून एक पाट सरकत मधल्या वाटेत आला, आणि पलीकडच्या बाकावर बसलेल्या माणसानं त्यावर बूट ठेवला. कंपनीत घालतात तसला जाड, काळा, चिखलानं माखलेला बूट. दिनानाथला वाटलं, ठेवला असेल चुकून, काढेल. म्हैस हलली, गाडी हलली, बूट काही हलला नाही. उलट त्या माणसानं टाच जरा रोवली, हात छातीशी बांधले आणि डोळे मिटून घेतले. आणि त्याच वेळी शेजारी, खिडकीकडच्या अंगाला बसलेल्या त्याच्या बायकोच्या, सगुणाच्या बांगड्या वाजल्या.

पेणच्या माणसाला पाट दिसला की गणपती दिसतो, याला इलाज नाही. त्यातून दिनानाथचं सगळं आयुष्य गणपतीच्या कारखान्यात गेलेलं. मूर्ती घडवणं, रंगवणं, डोळ्यांची आखणी ही कामं दुसऱ्यांची. दिनानाथकडे पाट असायचे. ज्येष्ठ सरत आला की गावोगावची माणसं घरचा पाट बगलेत मारून कारखान्यात यायला लागतात. देव आपल्याच घरच्या पाटावर बसवून न्यायचा, ही रीत. तो पाट हातात घ्यायचा, पुसायचा, पाठीमागं खडूनं घराण्याचं नाव लिहायचं आणि भिंतीशी उभा करून ठेवायचा. आडवा कधी ठेवायचा नाही, कारण आडव्या पाटाला येता-जाता कुणाचा पाय लागतो. नव्या पोरांना तो हे एकदा सांगायचा, दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली तर स्वतःच उठून पाट उभा करायचा. रागावणं त्याला जमत नसे. आता आषाढ लागला होता, कारखान्याच्या भिंती पाटांनी भरल्या होत्या, आणि इथं रोह्याच्या गाडीत, भर दिवसा, त्याच्यापासून हातभर अंतरावर, कुणाच्या तरी देवाच्या आसनावर एक बूट होता.

बांगड्या पुन्हा वाजल्या. दिनानाथनं तिकडं बघायचं टाळलं. बघितलं असतं तर तिचे डोळे दिसले असते, आणि त्या डोळ्यांत काय असणार हे त्याला पाठ होतं. सगुणाला बोलायची बंदी होती. रोह्याला दर शनिवारी मुंबईहून घशाचा एक डॉक्टर यायचा. त्यानं आरसा घालून तिचा घसा पाहिला होता आणि दिनानाथकडे वळून म्हणाला होता, की आवाजाच्या तारेवर गाठ धरलीय. ओरडून ओरडून. आता पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नको. मी पुन्हा बघेपर्यंत एक शब्द काढायचा नाही. तेवढ्यानं बसली तर बसली, नाहीतर मुंबईला नेऊन कापावी लागेल आणि मग आवाज कसा राहील ते मी सांगू शकत नाही. ते 'पुन्हा बघणं' आज होतं. इतके दिवस तिनं दातांखाली जीभ धरून काढले होते, आणि उरला होता तो हा एवढा प्रवास. एवढ्यात तिनं तोंड उघडलं तर सगळं मुसळ केरात. आणि सगुणासारखी बाई देवाच्या पाटावर बूट बघून तोंड उघडणार नाही, यावर दिनानाथचा काडीइतका विश्वास नव्हता.

सगुणा खारेपाटातली, धरमतरच्या खाडीकाठची. तिथं मिठागरात या टोकाचं माणूस त्या टोकाच्या माणसाशी बोलतं ते वाऱ्यावर मात करून. लग्न होऊन ती पेणच्या रामवाडीत आली ती तोच आवाज घेऊन. पहिल्याच वर्षी दोघं सिनेमाला गेली होती आणि पुढच्या रांगेतल्या एकानं विडी पेटवली. दिनानाथनं नाकाला रुमाल लावला. सगुणानं पुढं वाकून त्या माणसाच्या खांद्यावर टिचकी मारली. "काय रं, तुज्या घरान पन अशीच वडतंस काय, पोराटोरांच्या तोंडावर?" पडद्यावरची नटी रडत होती, ती रडायची राहिली असं दिनानाथला वाटलं. अंधारात सगळी डोकी वळली. त्यानं हळूच बाकावर आपल्या दोघांमध्ये वीतभर जागा केली. ती वीतभर जागा पुढं वाढत गेली. बाजारात माडीवरून पानाची पिंक टाकणारा, रांगेत घुसणारा, टेलिफोनच्या बूथमध्ये शिरून बाहेर माणसं ताटकळत असताना साऱ्या खानदानाची खुशाली विचारणारा, कुणाचीच तिच्या तावडीतून सुटका नव्हती. आणि तिचा आवाज चढायला लागला, की दिनानाथ पाच-दहा पावलं बाजूला जाऊन मिळेल ती पाटी वाचायला लागे. पेणमधल्या साऱ्या पाट्या त्याच्या अशा वाचून झाल्या होत्या. कुठल्या दुकानदारानं 'आमची कुठेही शाखा नाही' असं लिहिलंय आणि कुठल्या दाताच्या डॉक्टरला गुरुवारी सुट्टी असते, सगळं तोंडपाठ. भांडण मिटलं की ती यायची, तो पाटीवरून नजर काढायचा आणि दोघं घराकडं चालू लागायची. तो कुठं होता, हे तिनं कधी विचारलं नाही.

त्याचं म्हणणं साधं होतं. जगाची धुणी धुवायला आपण काय परीट आहोत? अनोळखी माणूस, आज दिसला उद्या दिसणार नाही, त्याच्या तोंडी कशाला लागा? त्यानं पिंक टाकली म्हणून आपण चिखलात उतरायचं? ती म्हणायची, "अवो, पन बोलल्याबिगर त्याला कलायचा कसा?" तिला खरंच तसं वाटायचं. तिच्या लेखी माणसं वाईट नव्हती, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. आणि गंमत अशी, की पिंकवाल्याला खाली बोलावून, त्याच्याच हातानं पायरी धुवून घेऊन झाली, की ती त्याला विचारायची, तू कुठला रं, कुणाचा? मग त्याची मावशी हिच्या माहेरच्या शेजारगावात निघायची, आणि दिनानाथ पाटी वाचून परत येईतो दोघं एकमेकांच्या घरच्या आंब्यांविषयी बोलत असायची. त्याला वाटे, ही बाई भांडते कुठं, ही तर नाती लावते. पण हे कौतुक तो मनातच ठेवी. वर म्हणे, चल आता, उशीर झाला.

मौनाचे पहिले दिवस त्याला सणासारखे गेले, खोटं कशाला सांगा. बाजारात तिच्यासोबत तो ताठ मानेनं फिरला. एक पाटी वाचावी लागली नाही. मग हळूहळू काहीतरी बिनसायला लागलं. सार्वजनिक नळावरची रांग मोडली. आधी एक हंडा पुढं आला, मग तीन, मग रांग म्हणून काही राहिलंच नाही आणि दिनानाथ रिकामी बादली घेऊन परत आला. समोरच्या घरातला रेडिओ दुपारचाही गाऊ लागला. कुणीतरी आपली स्कूटर थेट यांच्या तुळशीला टेकवून ठेवली, आणि तिच्या तेलाचा डाग अंगणात रोज मोठा होत गेला. सगुणा दारात उभी राहून बघायची. गळ्यावर हात ठेवायची आणि आत जायची. दिनानाथ स्कूटरभोवती एक फेरी मारून तिचा नंबर वाचायचा. तेव्हा कुठं त्याच्या लक्षात यायला लागलं, की आपण ज्याला आपला शांत स्वभाव समजत होतो तो दुसऱ्याच्या घशावर चालला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर घर इतकं गप्प असायचं की त्याला झोप येईना. त्याला तिचा आवाज हवा होता. तो खरखरीत, खारा, वाऱ्याच्या वर जाणारा आवाज आता कायमचा गेला तर, या विचारानं तो उठून पाणी प्यायचा.

नागोठण्याच्या स्टँडवर गाडी थांबली. कंपनीतली बरीच माणसं इथं उतरतात. दिनानाथनं मनात म्हटलं, उतर बाबा, तूही उतर, म्हणजे तुझाही प्रश्न मिटला आणि माझाही. तो माणूस उतरला नाही. त्यानं एक डोळा उघडून बाहेर बघितलं, बुटातला पाय जरासा चाळवला, पुन्हा तिथंच ठेवला आणि डोळा मिटला. खारे शेंगदाणेवाला चढला, ओरडला, उतरला. पाटावरच्या बुटाला ओलांडून दोघं-तिघं गेली, एकाही शहाण्याला काही वाटलं नाही. दिनानाथनं माणसाचा चेहरा नीट न्याहाळला. त्याच्याच वयाचा, दाढी वाढलेला, शिफ्ट करून दमलेला. कदाचित याच्या घरी गणपती येत नसेल. कदाचित घरी असतो तेव्हा हाच देवासमोर साष्टांग घालत असेल. बोलायचं तर काय बोलायचं? 'अहो, जरा' असं म्हणावं, की 'भाऊसाहेब'? आणि तो उलटून म्हणाला, तुमचा आहे का पाट, तर? नाही माझा. मग तुम्ही कोण? खरंच, आपण कोण? हा प्रश्न सगुणाला कधी पडला नाही. तिला कुणी 'तू कोण' म्हणून विचारलं की ती सांगायची, मी सगुणा, रामवाडीची. त्यावर पुढं काही बोलताच यायचं नाही.

गाडी नागोठण्याहून रोह्याच्या रस्त्याला वळली. दोन्हीकडं भाताची खाचरं पाण्यानं भरलेली, बांधावर बायका पाठीवर पानांची इरली घेऊन वाकलेल्या, सगळं हिरवं आणि थंड. एरवी दिनानाथला हा रस्ता फार आवडे. आज त्याला रस्त्यात फक्त बूट दिसत होता. पहिल्या वळणावर सगुणाच्या बांगड्या तिसऱ्यांदा वाजल्या, आणि या वेळी तिचा हात त्याच्या मनगटावर आला. त्यानं वळून बघितलं. तिचे डोळे मोठे झाले होते. तिनं बुटाकडं बोट केलं, मान हलवली, पुन्हा बोट केलं. मग तिचं तोंड उघडलं. ओठ विलग झाले, गळ्याची शीर हलली, आणि दिनानाथला डॉक्टरचा तो आरसा दिसला, मुंबई दिसली, कात्री दिसली. तिच्या तोंडून शब्द निघायच्या आत तो उभा राहिला. आपण उभे राहिलो हे त्याला उभं राहिल्यावर कळलं.

"पाय काढा तो!"

हा आवाज कुणाचा, म्हणून त्यानंच आधी आजूबाजूला पाहिलं. आवाज गाडीच्या टपाला लागून परत आला होता. पुढच्या दाराजवळची माणसंसुद्धा वळली. मागच्या बाकावर झोपलेला कंडक्टर दचकला आणि पुन्हा पेंगला. आता मागं फिरायची सोय नव्हती. "देवाचा पाट आहे तो! गणपती बसायचाय त्यावर! बूट घालून पाय ठेवता? लाज नाही वाटत?"

त्या माणसानं डोळे उघडले. रागावलेला नाही, नुसता गोंधळलेला. "कोनाचा गनपती?" त्यानं विचारलं.

"कुणाचाही असो!"

ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर एक मासेवाली बसली होती, रिकाम्या टोपल्या एकात एक घातलेल्या, नाकात मोठी नथ. ती अख्खी वळली. "अगो बाय माजे!" ती म्हणाली. "माज्या पाटावर गनपती कवा बसला? त्यावर मी बसतंय दादा. रोह्याच्या बाजारान. कोलबी इकायला!"

गाडी हसली. आधी पुढचे बाक, मग मधले, मग ज्यांना ऐकू गेलं नव्हतं त्यांना शेजाऱ्यांनी सांगितल्यावर मागचे. मासेवालीला चेव आला. "त्याचा पाय मोरला व्हता, तो पेनच्या सुताराकरशी बसवून आनलाय. पुडं माज्या टोपल्यांनीच जागा भरली, म्हनून थितं बाकाखाली सारला. या भावाला मीच सांगला, लक्ष ठेव रं बाबा, सरकाया लागला त पाय दे त्यावर, नायतर गाडीभर धावंल तो. बिचाऱ्यानं ऐकला माजा, आनि त्यालाच तुमी वरडतांव!"

"वडकलपासून धरलाय," तो माणूस म्हणाला. त्यानं पाय उचलून गुडघ्यापासून झटकला. "मुंग्या आल्यात. घ्या, आता तुमीच संभाला तुमच्या देवाला."

साऱ्या दुनियेचं चुकलं असतं तर चाललं असतं, पण दिनानाथचं चुकायला नको होतं. आषाढात पाट पेणला येतात, पेणहून निघत नाहीत; निघतात ते भाद्रपदात, देव घेऊन. आत्ता पेणहून रिकामा निघालेला पाट गणपतीचा असणारच कसा? सबंध जिल्ह्यात ही गोष्ट ज्याला सगळ्यांत आधी कळायला हवी होती, तोच तेवढा गाडीत उभा राहून ओरडला होता. त्यानं सगुणाकडं पाहिलं. ती हसत होती. पदराचा बोळा तोंडात कोंबून, आवाज न करता, खांदे गदागदा हलवत, डोळ्यांतून पाणी काढत हसत होती. मग तिनं पदर काढला आणि हातांनीच त्याला समजावलं: कानाकडं बोट, मासेवालीकडं बोट, पाटाकडं बोट, पेणच्या दिशेला बोट. पेणच्या स्टँडवर तो पाण्याची बाटली भरायला उतरला होता, तेव्हा तिनं सगळं ऐकलं होतं. तिला पहिल्यापासून माहीत होतं. त्या बांगड्या 'बोला' म्हणून वाजतच नव्हत्या. नवऱ्याचा चेहरा लाल होत चाललेला बघून, 'अहो, तसं काही नाही, बसा गप' म्हणून वाजत होत्या.

आता आपल्याला लाजेनं मरून जावंसं वाटेल, अशी दिनानाथनं वाट पाहिली. तसं काही वाटेना. कान तापले होते, पण छातीत एकदम मोकळं झालं होतं, बऱ्याच दिवसांनी खिडकी उघडावी तसं. लोक हसत होते खरे, पण त्या हसण्यात तोही होता. शेंगदाण्याची पुडी त्याच्यापुढं करत कुणीतरी म्हणालं, खा काका, ओरडून घसा सुकला असंल. त्या बूटवाल्याला तो म्हणाला, "चुकलं हो माझं. फारच चुकलं." तो म्हणाला, "असूं दे. पेनचे दिसतांव." गाडीनं आणखी एकदा हसून घेतलं. मासेवालीनं तिथूनच विचारलं, नेमकं कुठलं, कुणातलं, आणि या वयनी अशा गप का. दिनानाथनं सगळं सांगितलं. रामवाडी, कारखाना, घशाची गाठ, डॉक्टर. गाडीभर परक्या माणसांना, उभ्यानं, न विचारलेलंसुद्धा. सगुणा खाडीकाठची, असं म्हटल्यावर मासेवालीनं कपाळावर हात मारून घेतला. "मंग आमच्यातलीच की गो तू! बरी व्हशील, बाय. आमच्यातल्या बायकांचा आवाज काय जात नाय."

तेवढ्यात भिसे खिंड लागली. गाडीनं पहिलंच वळण घेतलं आणि वरचा बूट निघालेला पाट सणसणत सुटला. "धरा गो त्याला!" मासेवाली ओरडली. सगळ्यांत जवळ दिनानाथ होता. त्यानं वाकून धरायला पाहिलं, पण हात पोचेना. तेव्हा घाईनं चप्पल काढली आणि अनवाणी पाय पाटावर दाबून ठेवला. सुताराच्या ताज्या रंध्याचा गुळगुळीतपणा तळव्याला लागला. पाट थांबला. एका हातानं वरचा दांडा, एक पाय जमिनीवर, एक पाय पाटावर, असा तो खिंडीतल्या वळणावळणाला झुलत उभा राहिला.

मागच्या बाकावरून कंडक्टर डोळे चोळत पुढं आला. त्याला मधलं काही कळलं नव्हतं; पाटावर पाय ठेवू नका म्हणून कुणीतरी ओरडलं एवढं त्यानं झोपेत ऐकलं होतं, आणि आता पाटावर पाय ठेवलेला एक माणूस त्याला दिसत होता. "मगाशी बोंबलत होतं कोण?" त्यानं विचारलं. गाडीनं एकमतानं दिनानाथकडं बोट केलं. कंडक्टरनं त्याच्या पायाकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं, आणि शेजारच्या बाकावरच्या बाईला अदबीनं विचारलं, "काय हो वयनी, हे तुमच्याबरोबर हायत काय?"

हा प्रश्न दिनानाथलाही एकदा विचारला गेला होता. पेणच्या बाजारात, सायकलच्या दुकानाच्या पायरीवर, पलीकडं सगुणाचा आवाज टिपेला पोचलेला असताना दुकानदारानं विचारलं होतं, ती बाई तुमच्यातली का हो? आणि दिनानाथ म्हणाला होता, नाही बा, मी हवा भरायला आलोय. त्याच्याकडे सायकल नव्हती. त्यानं वळून पाहिलं तेव्हा सगुणाचं भांडण संपलेलं होतं आणि ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिनं ऐकलं की नाही, हे त्याला कधी कळलं नाही. आत्ता, खिंडीत झुलताना, तिच्या डोळ्यांकडं बघून कळलं. ऐकलं होतं.

सगुणानं आधी कंडक्टरकडं पाहिलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं, चांगलं सावकाश, जणू बाहेर वाचायला एखादी पाटी आहे. दिनानाथच्या पायाखाली पाट थरथरला. मग ती वळली, उठून उभी राहिली, दांड्याला धरलेल्या त्याच्या हाताचा दंड तिनं दोन्ही हातांनी पकडला, आणि आवाजाचा एक कण बाहेर पडू न देता, गाडीतल्या शेवटच्या बाकाला वाचता येईल एवढे मोठे ओठ करून ती म्हणाली, माझेच.